आयर्लंडला स्वातंत्र्य ‘थोडक्यात’ मिळालं?

एक मजकूर व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो: आयरिश तरुणांनी १९१६ साली बंदूक उचलली, सहा वर्षांत इंग्रजांना हाकललं, रक्तही फार सांडलं नाही, मेले ते लढणारे, मारलं ते इंग्रजांनी, आणि आपण मात्र चर्चा करत बसलो. आपला घरगुती वाद जिंकायला दुसऱ्यांची प्रेतं इतकी कमी मोजणं मला सहन होत नाही.

‘मेले ते लढणारे.’ १९१६ च्या त्या ईस्टरच्या उठावात सुमारे ४८५ माणसं मेली. त्यांतले निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते, चाळीसच्या आसपास मुलं होती. ब्रिटिशांनी भर वस्तीत तोफा डागल्या हे खरं, पण लढाईसाठी डब्लिनचा मध्यभाग बंडखोरांनीच निवडला होता. पुढे २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १४ जण गेले, ते फुटबॉलच्या सामन्याला आलेले होते.

‘मारलं ते इंग्रजांनी.’ इथे तर अख्खं यादवी युद्धच गाळलंय. जानेवारी १९२२ मध्ये ब्रिटनशी झालेला तह आयरिश संसदेत ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला. राजाशी निष्ठेची शपथ आणि अर्धवट स्वातंत्र्य ज्यांना नको होतं, त्यांच्यावर जूनमध्ये नव्या आयरिश सरकारनेच, ब्रिटिशांकडून आणलेल्या तोफांनी मारा केला. पुढच्या अकरा महिन्यांत या सरकारने ७७ जणांना अधिकृतपणे गोळ्या घातल्या. १९१९ ते २१ च्या स्वातंत्र्यलढ्यात ब्रिटिशांनी देहदंड दिले होते २४.

७ डिसेंबर १९२२ ला तहाच्या बाजूचे खासदार शॉन हेल्स यांचा खून झाला. त्यांचा सख्खा भाऊ टॉम विरुद्ध बाजूला होता. दुसऱ्याच दिवशी सूड म्हणून सरकारने तहविरोधी चार कैद्यांना खटला न चालवता मारलं. चौघेही उन्हाळ्यापासून तुरुंगात, म्हणजे त्या खुनात त्यांचा हात असणं शक्यच नव्हतं. त्यांपैकी रॉरी ओ’कॉनर वर्षभरापूर्वीच केव्हिन ओ’हिगिन्स यांच्या लग्नात नवरदेवाचा पाठीराखा होता, आणि त्याला मारण्याच्या निर्णयात मंत्री ओ’हिगिन्स सामील होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओ’हिगिन्स यांच्या वडिलांना राहत्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. १९२७ मध्ये खुद्द ओ’हिगिन्सना. केरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मार्च १९२३ मध्ये सापळ्याच्या सुरुंगाने पाच सरकारी सैनिक मेले. दुसऱ्या दिवशी तिथेच बॅलीसीडीला सरकारी सैनिकांनी नऊ तहविरोधी कैद्यांना सुरुंगाभोवती बांधून तो उडवला. स्टीफन फुलर तेवढे वाचले.

‘इंग्रजांना हाकललं.’ ईशान्येच्या सहा काउंट्या ब्रिटनकडेच राहिल्या. तिथल्या बेलफास्ट शहरात १९२० ते २२ या काळात जवळपास ५०० माणसं मारली गेली. शहरात अल्पसंख्य असलेल्या कॅथलिकांचाच त्यांत भरणा जास्त होता.

‘सहा वर्षांत संपलं.’ कुणासाठी? हरलेल्या बाजूच्या मृतांच्या बायका-आयांना सरकारी निवृत्तिवेतनाचं दार उघडलं ते १९३२ मध्ये, सत्ता बदलल्यावर. त्यासाठी आयांना कागदोपत्री सिद्ध करावं लागलं, की गेलेल्या माणसाच्या कमाईवर आपलं घर चालत होतं.