‘डब्ल्यूपेक्षा एफ बरा’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. नर्सिंगला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी जरूर वाचा म्हणे. त्यात काय तर, ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) एक जरी डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची (विथड्रॉची) खूण, आला की नर्सिंगची अ‍ॅडमिशन गेली, त्यापेक्षा एफ (नापास) घेऊन तोच कोर्स परत करा कारण नवीन ग्रेड जुनी पुसून टाकते, आणि डब्ल्यू आलाच असेल तर दुसऱ्या कॉलेजात नाव घाला नि जुन्याचं ट्रान्सक्रिप्ट दाखवू नका. वर फायनान्शियल एड आणि व्हिसाही जातो, अशी पुस्ती.

मी सोडून दिलं असतं. पण रविवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन, रडवेली. भाची इथेच कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला आहे, नर्सिंगची प्रीरिक्विझिट्स, म्हणजे अ‍ॅडमिशनआधी लागणारे कोर्स, करतेय. तिला मोनो (एक व्हायरल आजार) झाला, तीन आठवडे अंथरुणात, अ‍ॅनाटॉमीच्या दोन लॅब प्रॅक्टिकल बुडल्या. सर म्हणाले तारखेच्या आत विथड्रॉ कर. आणि ताई म्हणते, नको, एफ येऊ दे, ग्रुपवर आलंय ना! तिथे माझं डोकंच फिरलं.

तर आधी हा एफचा सल्ला. डब्ल्यूला ग्रेड पॉइंट नसतात, तो जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतच नाहीत. एफ म्हणजे शून्य आणि तो भागाकारात बसतो. आता, कोर्स परत केला की कॉलेज स्वतःच्या जीपीएतून जुनी ग्रेड वगळतं हे बऱ्याच ठिकाणी खरंय, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत तर आहेच, तेवढं मान्य. पण वगळतं म्हणजे पुसत नाही, एफ ट्रान्सक्रिप्टवर दिसतच राहतो. आणि देशभरातल्या बऱ्याच बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) प्रोग्रॅम्सचे अर्ज ज्या नर्सिंगकॅस नावाच्या सामायिक ऑनलाइन अर्जसेवेवरून जातात तिथे तुम्ही केलेला प्रत्येक कोर्स भरावा लागतो, रिपीट केलेले, विथड्रॉ केलेले सगळे, आणि ते त्यांचा जीपीए स्वतः काढतात, त्यात कोर्सचा प्रत्येक अटेम्प्ट धरतात. तुमच्या कॉलेजने काय माफ केलं ते तिथे चालत नाही. समजा अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रो (मायक्रोबायोलॉजी), प्रत्येकी 4 क्रेडिट. अ‍ॅनाटॉमीत आधी डब्ल्यू मग ए, बाकी दोन्हीत बी, तर सायन्स जीपीए 3.33. तेच सगळं पण डब्ल्यूच्या जागी एफ, तर 2.5. किती प्रोग्रॅम्समध्ये 2.5 ला अर्जही बघत नाहीत माहितेय? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे गणित एकदा तरी करून बघायचं होतं.

डब्ल्यूने दार बंद होतं, हेही खोटं. माझ्या स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर केमिस्ट्रीचा डब्ल्यू आहे आणि मी आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे. हां, डब्ल्यू म्हणजे काहीच नाही असंही नाही. सेमिस्टरमागून सेमिस्टर डब्ल्यूच असतील तर कोणीही विचारेल, आणि काही प्रोग्रॅम अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी-मायक्रोत डब्ल्यूलाही अटेम्प्ट धरतात, म्हणून ज्या कॉलेजला अर्ज करायचाय त्यांचा नियम वाचा. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एका कोर्सला साधारण तीनदाच बसता येतं आणि त्यात डब्ल्यू मोजतात. पण एफही मोजतात की! मग एफ घेऊन मिळवलं काय?

आणि जे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही ते हे की इथे ईडब्ल्यू नावाची सोय आहे, एक्सक्यूज्ड विथड्रॉवल. आजारपणासारखं हाताबाहेरचं कारण असेल तर कागदपत्रं लावून अर्ज करायचा, मान्य झाला तर तो त्या तीनात मोजत नाहीत. भाचीला नेमकं हेच हवं होतं आणि तिच्या आईला एफ घ्या म्हणून सांगितलं गेलं.

ट्रान्सक्रिप्ट लपवण्याबद्दल तर काय बोलायचं. अर्जावर तुम्ही सही करता की सगळी कॉलेजं सांगितली आहेत. कुठे कुठे नाव घातलं होतं ते नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या देशभरातल्या विद्यार्थी-नोंदींच्या संस्थेकडून कळू शकतं. सापडलं की मिळालेली अ‍ॅडमिशनही रद्द होऊ शकते. जिथे औषधाचा चुकलेला डोससुद्धा लपवायचा नसतो त्या पेशात मुलीला पाठवताय आणि पहिला धडा हा?

एडचं म्हणाल तर एका डब्ल्यूने ते जात नाही, पण अटेम्प्ट केलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण 67 टक्के पूर्ण व्हावे लागतात आणि डब्ल्यू त्यात अपूर्ण धरला जातो, एवढं लक्षात ठेवा. व्हिसाचा प्रश्न एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वाल्यांचा, 12 क्रेडिटच्या खाली जायच्या आधी डीएसओची (कॉलेजात व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घ्यायची, नंतर नाही.

सोमवारी भाचीला घेऊन काउन्सिलरकडे गेले. डॉक्टरचं पत्र लावून ईडब्ल्यूचा अर्ज दिलाय, स्प्रिंगला अ‍ॅनाटॉमी परत. ग्रुपवर अजून दोघींच्या मुली प्रीरिक्विझिट्स करतायत आणि विथड्रॉची तारीख शुक्रवारी आहे, तेव्हा ज्यांनी तो फॉरवर्ड टाकला त्यांनी आजच्या आज तो काढावा आणि त्या दोघींना स्वतः फोन करावा.