वसईचं चर्च परक्यांचं कसं?

वसई किल्ल्यातल्या पोर्तुगीजांच्या पडक्या चर्चवर सरकारने पैसा का घालावा, असं मावसभाऊ परवा फोनवर तावातावाने विचारत होता. ‘ज्यांनी आपली देवळं पाडली, त्यांच्या भिंती आपण का सावरायच्या?’ तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

पोर्तुगीजांचे अत्याचार मी नाकारत नाही. पण मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ला आपला झाला, मग आतली चर्चं परक्यांची कशी राहिली? वसईच्या लुटीतली घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर मानाने टांगली आहे. ती आपली, आणि भिंत नको?

इथे इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ बंद केले, छपरांचं शिसं उतरवून घेतलं. आज त्याच मठांचे अवशेष जिवापाड जपतात. आमच्या गावच्या पॅरिश चर्चच्या छपराचं शिसं चोरीला गेलं, तेव्हा केकविक्रीपासून पैसे जमवायला सुरुवात झाली. दर 5 वर्षांनी आर्किटेक्ट येऊन सगळं तपासतो. रविवारी प्रार्थनेला जेमतेम दहा-बारा डोकी असतात, तरी पन्हळीतली पानं काढायला माणसं येतात. भाऊ म्हणतो, तुमच्याकडे पैसा आहे. अरे, पानं काढायला पैसा नाही, शिडी लागते!

वसईच्या चर्चांत जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या कबरींचे दगड आहेत. शाळेत असताना पावसाळ्यानंतर त्या अक्षरांतलं शेवाळ आम्ही काडीने कोरून काढायचो. मान वर केली की भिंतीच्या सांध्यात पिंपळ. वीतभर असतो तेव्हा हाताने उपटता येतो. मूळ चुन्यात शिरलं की दगडच सुटतो. त्यावर सिमेंट थापलं तर पाणी आत कोंडतं आणि भिंत आणखी खचते.

आणि गोन्सालो गार्सिया? वसईत जन्मला, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत ठरला. तोही परकाच का?

खरं बोचतं ते वेगळंच. इथे इंग्लंडमधल्या कबरींवर माझ्या माणसांचं एकही नाव नाही, तरी चर्चची एक किल्ली माझ्याकडे असते. वसईत मात्र मी सुट्टीत येऊन फोटो काढणारी पाहुणी. भावाच्या बोलण्याने एवढी चिडले, त्यात हेही असणार.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आपल्याला तिथे हात लावता येत नाही. म्हणून पावसाळ्याआधी पिंपळ मुळासकट काढा, दुरुस्ती चुन्यातच करा, असं पत्र मी लिहून ठेवलंय. वसईचा पत्ता हवा, म्हणून त्यावर भावाची सही मागितली आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.