खुलासा : कोरोनाच्या भीतीने सीपॅप बंद करू नका

‘झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी सीपॅप मशीन लावू नये, ते कोरोना थेट फुफ्फुसात ढकलतं’ हा २०२० पासून फिरणारा मेसेज चुकीचा आहे. सीपॅप मशीन खोलीतलीच हवा फिल्टरमधून ओढून तोंडा-नाकावर लावलेल्या मास्कमधून दाबाने देतं, त्यामुळे झोपेत घसा उघडा राहतो. ती हवा तुम्ही एरवीही घेताच. बंद केलंत, तर घसा पुन्हा मिटायला लागतो, ऑक्सिजन रात्रभर वरखाली होतो. बीपीवाल्यांना तर हे मुळीच परवडणारं नाही.

धोका आहे तो शेजारी झोपणाऱ्याला. मास्कच्या बारीक भोकांतून उच्छ्वास जोरात बाहेर पडतो. म्हणून कोरोना झालेल्याने मशीन लावूनच, पण वेगळ्या खोलीत झोपावं. मास्क रोज कोमट साबणपाण्याने धुवा; सॅनिटायझर नको, सिलिकॉन खराब होतं. आणि दम लागत असेल तर मशीनच्या भरवशावर न बसता दवाखाना गाठा.