अंगण खरंच वाकडं निघतं तेव्हा

नेम हळूहळू बिघडला तर एक वेळ चालतं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, रात्री झोप नीट लागली नाही, काहीही सांगता येतं. पण गेल्या खेपेला 50 मीटरवर पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात घालणारी पॉइंट टू-टू रायफल या खेपेला त्याच कागदावर वाट्टेल तिथे मारायला लागली, की काय सांगणार? ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण नेमबाजीच्या रेंजवर फार चालते. म्हण रचणाऱ्याने अंगणाला लेव्हल लावून बघितली होती का, हे मात्र कुणी विचारत नाही.

रेंजवर रायफल बिघडल्याची बातमी पसरायला वेळ लागत नाही. जमलेला प्रत्येक जण डॉक्टर असतो आणि प्रत्येकाचं निदान त्याला स्वतःला शेवटचा जो आजार झाला तोच. एकाच्या नळीचं तोंड मागे कधीतरी ठेचलं गेलं होतं. त्याने लगेच कानात घालायची कापसाची काडी काढली आणि माझ्या नळीच्या तोंडावरून गोल फिरवली. धातूला बारीक खरवड असली तर कापसाचे धागे अडकतात. एकही अडकला नाही. तो हिरमुसला.

दुसऱ्याचा विश्वास साफसफाईवर. ‘नळी स्वच्छ कर, बाकी काही नाही,’ म्हणाला. यात गंमत अशी की पॉइंट टू-टूची नळी अगदी लख्ख घासली, तर पुढच्या काही गोळ्या मुद्दाम वाकड्या जातात. आत शिशाचा आणि मेणाचा हलका थर पुन्हा बसेपर्यंत तिचा जीव रमत नाही. म्हणजे उपचारानंतर रोगी आणखी आजारी दिसणार आणि डॉक्टर म्हणणार, बघा, लागू पडतंय.

तिसरे काडतुसांचे जाणकार. ‘अहो, खोक्यावरचा लॉट नंबर बघितलात का?’ हा सल्ला खरा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. पण माझं खोकं गेल्या खेपेचंच होतं. चौथ्याने कागदाची पट्टी नळी आणि लाकडी दस्त्याच्या फटीतून सरकवली. हवेतल्या ओलीने लाकूड फुगून नळीला टेकलं तर नेम जातो. पट्टी सुळकन गेली. दस्त्याचे स्क्रूही घट्ट.

पाचवा गोड बोलणारा. हाच सगळ्यात घातक. ‘ट्रिगर झटकला जात नाही ना? असंच विचारलं.’

त्याची शंका दूर करायला मी रायफल रेंजवरच्या एका अनुभवी मित्राच्या हाती दिली. त्याने वाळूच्या पिशवीवर ती टेकवली, श्वास रोखला आणि पाच गोळ्या माझ्यापेक्षाही लांब लांब मारल्या. दुसऱ्याच्या अपयशाने माणसाला इतकं हलकं वाटू नये, हे मान्य आहे. वाटलं खरं.

आता उरली रायफलवरची दुर्बीण. इथे हात शिवशिवतात. गोळी उजवीकडे गेली की दोन क्लिक डावीकडे, पुढची डावीकडे गेली की तीन उजवीकडे. एक क्लिक म्हणजे टरेटचा (दुर्बिणीवरच्या नेम सरकवणाऱ्या बटणाचा) एक टप्पा: 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर, 50 वर त्याच्या निम्मे. गोळ्या पांगलेल्या असताना क्लिक फिरवणं म्हणजे स्वतःच्या सावलीला पकडायला धावणं. आख्खा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, घट्ट राहून बाजूला सरकला असेल तर क्लिक हवेत. ग्रुपच फुटला असेल तर टरेटला हात लावू नये. तो कितीही खुणावत असला तरी.

आणि माझा ग्रुप नीट बघितल्यावर कळलं की तो नुसता फुटला नव्हता, त्याची वाटणी झाली होती. काही भोकं वर उजवीकडे एकत्र, काही खाली डावीकडे एकत्र. दोन्हींची सरासरी काढली तर बरोबर मधोमध, दहा गुणांच्या वर्तुळात. कागद सरासरी मोजत नाही, हीच अडचण. असं दोन ठिकाणी पडायला लागलं की समजावं, काहीतरी दोन जागी बसतंय आणि प्रत्येक गोळीनंतर तिथल्या तिथे मुक्काम हलवतंय.

दुर्बिणीतलं आतलं भिंग सुटलं असेल म्हणून दुसरी दुर्बीण चढवली. तीही त्याच दोन घरांत. दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू ॲलन कीने तपासले, सगळे आवळलेले. दिसतात ते स्क्रू नेहमीच आवळलेले असतात, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच आवळतो.

मग रायफल रिकामी केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि मित्राला दुर्बिणीची नळी अंगठ्याने दाबायला सांगितली. मी मागच्या बेसच्या (रिंग ज्यावर बसते त्या तुकड्याच्या) आणि रायफलच्या जोडावर डोळा लावून बसलो. त्याने दाबलं की जोडातून तेलाची केसाएवढी चमक बाहेर यायची, सोडलं की आत जायची. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. बेस श्वास घेत होता.

रिंग उतरवली. तिच्या बुडाखाली, बाहेरून कधीच न दिसणाऱ्या जागी बेसचे स्क्रू. एक घट्ट, दुसरा बोटाने फिरला. दुर्बीण बसवून देणाऱ्याने आटे तेलकटच ठेवले होते. हिशेब सरळ आहे. दोन रिंगांमध्ये 100 मिलिमीटर अंतर असेल आणि एक टोक 0.05 मिलिमीटरने उचललं गेलं, तर 50 मीटरवर गोळी 25 मिलिमीटर सरकते. तिथल्या कागदावरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं.

आटे स्पिरिटने पुसले, थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा) थेंब, टॉर्कचा पाना, आणि प्रत्येक स्क्रूवर नखपॉलिशची बारीक रेघ, म्हणजे पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसेल. पुन्हा झिरो केलं, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणली. पाच गोळ्या, एक भोक. मागून पाचही डॉक्टर आपापलं निदान बरोबर ठरल्यासारखे मान डोलावत होते.

मित्राने मात्र रायफल मागितली. मघाचा त्याचा तो पसरट ग्रुप स्क्रूमुळे होता, हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. आडवा झाला, श्वास रोखला, पाच गोळ्या मारल्या. मघाएवढ्याच लांब लांब.

बराच वेळ दुर्बिणीतून कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘अजून एखादा स्क्रू राहिला असेल. नीट बघ.’