द्रविड म्हटलं की यवतमाळ, गडचिरोली का आठवत नाही?

आर्य-द्रविड वाद पुन्हा पेटलाय. मूळचे कोण, बाहेरचे कोण यावर कमेंटींचा पाऊस पडतोय. त्यात तमिळनाडू येतं, सिंधू संस्कृती येते, डीएनए येतो. यवतमाळ आणि गडचिरोली मात्र कधीच येत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो. गोंडी, माडिया, कोलामी या द्रविड भाषा आहेत आणि त्या आपल्याच राज्यात आज बोलल्या जातात. यवतमाळच्या कोलाम पोडावरची (वस्तीवरची) आजी घरात जे बोलते ती मराठीची बोली नाही. तिचं नातं तेलुगू-तमिळशी आहे.

मुळात 'द्रविड' हे भाषाकुळाचं नाव, वंशाचं नव्हे. १८१६ साली मद्रासचा कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस याने तमिळ, तेलुगू, कन्नड यांचे धातू (शब्दांची मूळ रूपं) शेजारी मांडून दाखवलं की या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत. १८५६ मध्ये रॉबर्ट काल्डवेलच्या तौलनिक व्याकरणाने 'द्रविड' हे नाव रूढ केलं, आणि गोंडी त्याच्या यादीत तेव्हापासून आहे. गोंडीत दोनला रंड, तीनला मुंड. तेलुगूत रेंडु, मूडु. तमिळमध्ये इरंडु, मूंड्रु. आकडे उसने घेतले असतील म्हणावं, तर सर्वनामं आणि क्रियापदांची घडणही जुळते. ती सहसा कुणी उसनी घेत नाही.

उगमाचं म्हणाल तर २०१८ च्या एका अभ्यासाने या कुळाचं वय सुमारे साडेचार हजार वर्षं काढलं. बलुचिस्तानात कलातच्या आसपास ब्राहुई बोलली जाते, तीही द्रविडच. काही अभ्यासक म्हणतात ती तिथेच मागे राहिली, काही म्हणतात ब्राहुई लोक नंतर तिकडे गेले. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या ज्या स्त्रीचा जनुकसंच २०१९ मध्ये जाहीर झाला, त्या संशोधनात पुण्याचं डेक्कन कॉलेज होतं. आर्यभाषक ज्या स्टेप म्हणजे मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातून आले असं मानतात, तिथला अंश तिच्यात सापडला नाही. पण ती कोणती भाषा बोलायची, हे हाडं सांगत नाहीत. सिंधू लोकांची भाषा द्रविड असावी असं मलाही वाटतं, पण लिपी वाचली जाईपर्यंत ते 'वाटणं'च आहे. दोन्ही बाजूंनी त्यावर झेंडे रोवू नयेत.

आणि एवढी ताकद पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी लावताना जिवंत माणसांचं काय? २०११ च्या जनगणनेत गोंडीचे भाषक जवळपास ३० लाख. आसामातल्या बोडो भाषेचे १५ लाखांच्या आत. बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानाने मान्यता दिलेल्या भाषांच्या यादीत आली, त्याचा आनंदच आहे. गोंडी अजून बाहेर. कोलामीचे भाषक तर सव्वा लाखाच्या आसपास, तिचं नाव तरी किती जणांनी ऐकलंय? नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा. त्यांचे किल्ले आपण अभिमानाने दाखवतो, पण त्यांच्या भाषेला शाळेत जागा नाही.

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडचं माडिया पोर पहिलीत बसतं, समोर मराठी पुस्तक, गुरुजींना माडिया येत नाही. पोर गप्प राहतं आणि शेरा पडतो, 'अभ्यासात कच्चा'. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं संविधानाचं कलम ३५० अ सांगतं. ते १९५६ पासून आहे. पहिली-दुसरीची गोंडी, माडिया, कोलामी पुस्तकं आणि त्या भाषा बोलणारे शिक्षक, एवढं आधी द्या. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून आपण सगळे भांडलो ना? मग या मागणीतही आपला आवाज हवा.