भाड्याने आणलेला कामगार आणि पॉलिसीतला कोरा रकाना
कंत्राटी कामगाराच्या अपघाताची भरपाई ठेकेदाराच्याच विमा पॉलिसीतून मिळायला हवी, हे एका लेखातील म्हणणे मला अपुरे वाटते. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात मालकाची व्याख्या करतानाच म्हटले होते की, कामगाराची सेवा दुसऱ्याला तात्पुरती उसनी किंवा भाड्याने दिली असेल, तर त्या कामापुरता तो दुसराच मालक ठरतो. शिवाय त्याच्या कलम 12 प्रमाणे भरपाई मूळ मालकाकडून, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्याकडून, मागता येत होती आणि ती ठेकेदाराकडून वसूल करणे हे मूळ मालकाचे काम होते.

खरा वाद विमा कंपनीशी होतो. भोसरीतील एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली तीन बोटे गमावलेल्या मुलाचे कागद मी स्वतः चाळले आहेत. गेटपास कारखान्याचा, हजेरीपत्रक ठेकेदाराचे आणि कारखान्याच्या पॉलिसीत ठेकेदाराच्या कामगारांचा रकाना कोरा. त्यांचा हप्ताच भरलेला नाही, असे सांगून कंपनीने दावा फेटाळला. त्या कायद्याप्रमाणे महिन्याभरात भरपाई दिली नाही तर मालकाला 12 टक्के व्याज आणि विलंबाला सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड लागत असे, आणि तो दंड विमा कंपनीवर ढकलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये (मोटार अपघाताच्या प्रकरणात) स्पष्ट केले आहे. म्हणून ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी मूळ मालकाने त्याच्या कामगारांची संख्या आणि मजुरी स्वतःच्या पॉलिसीत नोंदवून घेतलीच पाहिजे.