दामदुप्पटवाल्यापेक्षा पोस्टाची आर.डी. बरी

‘पोस्टात पैसे ठेवणारा आयुष्यभर गरीबच राहतो. महागाई व्याज खाऊन टाकते. महिन्याला पाचशे टाकून काय होतं? सोनं घ्या, नाहीतर दोन वर्षांत दामदुप्पट देणारा गाठा.’ नागपूरच्या इतवारीतल्या दुकानांत राबणाऱ्या पोट्ट्यांपासून धुणीभांडी करणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर हा मेसेज फिरतोय. ज्यांचं यात सर्वांत जास्त नुकसान होईल, तेच तो पुढे पाठवताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

महागाई व्याज खाते? कधीकधी खाते. २०२२-२३ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.७ टक्के होती आणि पोस्टाच्या आर.डी.वर, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायच्या खात्यावर, ५.८ टक्केच मिळत होते. त्या वर्षापुरतं हे खरं. पण २०२४-२५ मध्ये महागाई ४.६ टक्क्यांवर उतरली आणि आर.डी.चा दर ६.७ होता. डब्यात ठेवलेल्या पैशाला मात्र दोन्ही वर्षी काहीच मिळालं नाही.

पाचशेने काय होतं? पाच वर्षांत ३०,००० भरले तर ६.७ टक्क्यांनी सुमारे ३५,६८० हाती येतात. यातून कुणी श्रीमंत होणार नाही. पण शाळेची फी आणि दवाखाना एकाच महिन्यात आला, तर सावकाराच्या दारी जावं लागत नाही, आणि थोडक्या कमाईच्या घरात पहिल्या बचतीचं काम तेच असतं. महिना १०० रुपयांपासून खातं उघडतं. बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड. तीन वर्षांनंतर खातं मोडता येतं, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं, हे आधीच माहीत असू द्या.

सोन्याचा भाव वाढलाय, खरंय. पण लहानसा दागिना घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, आणि मोडताना त्यातलं काही परत येत नाही.

आता दामदुप्पट. मला खरी भीती याचीच वाटते. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे ४१ टक्के. सरकारच्या किसान विकास पत्रात पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, साडेनऊ वर्षांहून जास्त. एवढा नफा कुठल्या धंद्यातून येणार, हे त्या माणसाला विचारा. जास्त परताव्याचं आमिष दाखवून ठेवी बुडवणाऱ्या कंपन्या नागपूरने पाहिल्यात: २०१३ मध्ये श्रीसूर्या, २०१४ मध्ये वासनकर. चांगले शिकलेसवरलेले लोक त्यात अडकले. ठेवीदारांच्या संरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. पण गुन्हा दाखल झाला म्हणून पैसा घरी येत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, ती मी सांगते. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होतं. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे पैसे देण्याआधी वाचा.

आधार, पॅन आणि फोटो घेऊन जवळच्या पोस्टात जा. घरी येणाऱ्या एजंटताईंकडे हप्ता देत असाल, तर दर महिन्याला पासबुकात नोंद झाली की नाही ते स्वतः बघा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या.